झाकण लावून काढलेले फोटो

फोटोग्राफर यतीनच्या व्हॅनमधून दशरथ शिगवण उतरले तेव्हा अकरा वाजत आले होते. डोक्याला माकडटोपी, अंगात दोन स्वेटर, वर जर्किन. मीरा रोडला जानेवारीतही दुपारचा पंखा लागतो, त्यामुळे बेव्हर्ली पार्कच्या त्या सोसायटीच्या वॉचमनने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "अंकल, काश्मीर गए थे क्या?"

"उससे भी दूर," दशरथ म्हणाले आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून जिना चढायला लागले.

तो त्या घरातला शेवटचा साधा दिवस होता.

दार उघडल्या उघडल्या त्यांनी संपदाला सगळं सांगायला सुरुवात केली. चप्पलही काढली नव्हती. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या अंगाला उत्तम म्हणून एका शेतकऱ्याचं स्ट्रॉबेरीचं रान होतं, तिथे रात्र काढली होती. पारा तीनवर उतरला. पानांवरचं दव गोठून पांढरं झालं, व्हॅनच्या टपावर नखाने नाव लिहिता यायला लागलं. आणि आकाश असं स्वच्छ, की बोलायची सोय नाही.

तीन हिवाळे ते एका फोटोच्या मागे होते. मृग नक्षत्राच्या पोटात जो बाण घुसलेला आहे, त्याचे तीन तारे. त्यातला जो सगळ्यात खालचा, त्याला लागून तांबूस उजेड आहे आणि त्या उजेडात काळ्या धुळीचा एक ढग, थेट घोड्याच्या मानेसारखा. नुसत्या डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. दोन-दोन मिनिटांचे शंभरेक फोटो काढून एकावर एक रचावे लागतात, तेव्हा कुठे तो घोडा मान वर करतो. मीरा रोडच्या गच्चीवरून ते जमणं शक्य नव्हतं. तिथून मृगाचेच मोजून पाच-सात तारे दिसायचे.

"संपू, कार्ड लॅपटॉपवर उतरवून ठेव आणि रिकामं कर," ते म्हणाले. "मी जरा पडतो."

संपदा एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. वय एक्केचाळीस. आई गेल्यापासून सहा वर्षं घरात बापलेक दोघंच. वाचन अफाट, बोलणं बेताचं. बाबांचा हा छंद तिला आवडायचा, पण त्यातलं तंत्र तिने कधी समजून घेतलं नव्हतं. ते सांगायला लागले की ती हं हं करत हातातलं पुस्तक वाचत राहायची.

त्या महिन्यात तिला वेगळीच काळजी लागली होती. बाबा गॅसवर दूध ठेवून दोनदा विसरले होते. एकदा किल्ली बाहेरच्या बाजूने दाराला तशीच राहिली होती. त्यांचे थोरले भाऊ, दाजीकाका, गावाला गुहागरकडे होते आणि चार वर्षांपासून कुणालाच ओळखत नव्हते. गुरुवारी दूध उतू गेलं तेव्हा संपदा शेगडी पुसता पुसता म्हणाली होती, "बाबा, हे आता वाढत चाललंय. डॉक्टरांना दाखवू या." दशरथ नुसते तिच्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिले होते.

कार्ड लॅपटॉपला लावून ती फोटो बघत गेली. शंभराच्या वर फोटो करडे, त्यावर ताऱ्यांचे बारीक ठिपके. नंतरचे सगळे काळे. ठार काळे, एकही तारा नाही. तिने मोजले, तीस होते. मग तिच्या लक्षात आलं की बाबांनी मध्ये कधीतरी लेन्सला झाकण लावलं आणि ते काढायचं विसरले. एवढ्या गारठ्यात तासभर झाकण लावलेल्या कॅमेऱ्याशेजारी उभे राहिले, आणि त्यांना पत्ताही नाही.

तिला भडभडून आलं. गुरुवारी आपण बोललो त्याचीही लाज वाटली. हे त्यांच्या नजरेला पडायला नको, असं तिने ठरवलं. ग्रंथालयात पान फाटलेलं पुस्तक ती गाजावाजा न करता मांडणीवरून काढून घ्यायची, तसंच. तिने ते तीस सोडून बाकीचे उतरवले आणि कार्ड पुसून टाकलं.

दोन वाजता दशरथ उठले. कोळंबीचं कालवण आणि भात जेवले, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसले. संपदा ओट्याशी भांडी आवरत होती. बराच वेळ नुसता माउसचा टकटक आवाज येत होता. तो थांबला.

"संपू, यात झाकणाचे नाहीत."

"झाकणाचे म्हणजे?"

मग त्यांनी तिला सांगितलं. या खेपेला ती ऐकत होती. दोन मिनिटं उघडा राहिला की कॅमेरा आपल्या अंगचाही कचरा फोटोत टाकतो, लाल-हिरवे ठिपके, पांढुरकी झाक. आकाश कुठलं आणि कॅमेऱ्याची खोट कुठली, ते एकट्या फोटोवरून कळत नाही. म्हणून शेवटी झाकण लावून तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच थंडीत आणखी तीस फोटो काढायचे. त्यात आकाश नसतं, नुसती खोट असते. ती मूळ फोटोंतून वजा करायची. थंडी मात्र तीच लागते, कारण गरम झाला की कॅमेरा वेगळी घाण करतो.

"तीस होते," ते म्हणाले. "तू काही काढून नाही ना टाकलंस?"

संपदाच्या हातात कालवणाचं पातेलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या पाठोपाठ दुसरंही सांगावं लागलं असतं: का पुसले, त्यांच्याबद्दल मनात काय आलं होतं, कशाची कीव आली होती. तिच्या तोंडून निघालं ते असं, "नाही बाबा. होतं तेवढं सगळं उतरवलंय."

दशरथांनी पुन्हा विचारलं नाही. मुलगी खोटं बोलेल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. त्यांनी बॅगेतून आपला कागद काढला. चाळीस वर्षं एका औषध कंपनीत ते पॅकिंगवर होते, शेवटची बारा सुपरवायझर. त्यांची खूण झाल्याशिवाय खोकं गेटबाहेर जात नसे. रात्रीच्या कामाचीही ते तशीच यादी करायचे आणि एकेक काम झालं की पेन्सिलीने बरोबरची खूण. 'झाकण – ३०' या ओळीपुढे खूण होती.

"खूण तर केलीय मी," ते कागद दिव्याखाली धरून म्हणाले. "म्हणजे काम न करताच खूण केली."

संपदाने नळ सोडला आणि पातेलं घासायला घेतलं.

दशरथ हातपाय गाळून बसणाऱ्यातले नव्हते. संध्याकाळी त्यांनी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याला आणि कोथिंबिरीच्या जुडीला सरकवून जागा करून ठेवला. बटणाची वायर दाराच्या फटीतून बाहेर काढली आणि दारावर कागद चिकटवला, 'एक तास उघडू नये.' तेवढ्यात शेजारच्या सुचेताबाई बर्फ मागायला आल्या. कागद वाचून त्यांनी आत काय आहे ते विचारलं, आणि कळल्यावर म्हणाल्या, "का हो, कॅमेऱ्याला ताप आलाय?" दशरथ मोठ्याने हसले. संपदाही हसली. त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा घेतला.

पण फ्रिज मध्येच घरघरायचा आणि मध्येच थांबायचा, थंडी खालीवर व्हायची. तासाने कॅमेरा काढला तर त्याला घाम फुटला होता. फोटो जुळेनात. दशरथांनी लॅपटॉप मिटला आणि थंडी तीच पाहिजे, एवढंच बोलले. मग बाल्कनीत जाऊन, सरकतं दार लावून, त्यांनी कुणाला तरी फोन केला. काचेतून संपदाला त्यांची पाठ दिसत होती.

उद्या सांगू, तिने ठरवलं. उद्या ग्रंथालयातून आल्यावर, चहा घेताना, नीट समजावून.

सोमवारी सकाळी दशरथ उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसावा.

दिवस झाले, कागदपत्रं झाली, माणसं आली आणि गेली. संपदा कामावर जाऊ लागली. रडणं तिला कधीच फारसं जमलं नव्हतं. तिने वाचायला घेतलं, पण या खेपेला बाबांच्या विषयातलं. कॅमेऱ्याची खोट, थंडी, फोटो एकावर एक रचायची रीत. वाचता वाचता तिला हेही कळलं की पुसलेल्या कार्डवरून फोटो परत मिळवता येतात, मात्र त्यावर नवीन काही काढलेलं नसलं पाहिजे. तिने कार्ड स्टेशनजवळच्या एका दुकानात नेलं. तिथला माणूस म्हणाला, "इस के ऊपर तो दूसरा फोटो चढ गया है, मॅडम." ते फ्रिजमधले होते. म्हणजे त्या दुपारी, हातात पातेलं असताना, तिने ते एक वाक्य बोललं असतं तर तीसच्या तीस फोटो परत आले असते. कॅमेरा फ्रिजमध्ये जायचं कारणच उरलं नसतं.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं होतं तो माणूस गेला होता, आणि इतर कुणाचा त्याच्याशी काय संबंध, असं ती स्वतःला बजावत राहिली.

पावसाळा संपल्यावर तिने यतीनला फोन केला. यतीन पाटील गोडदेवचा, पिढीजात तिथलाच. हळदी आणि लग्नं यांचे फोटो काढणं हा त्याचा धंदा आणि आकाशाचे काढणं हे वेड. दशरथांना या नादाला त्यानेच लावलं होतं. तिने विचारलं, तोच कॅमेरा असेल आणि तीच थंडी, तर झाकणाचे फोटो वर्षाने काढले तरी चालतात का.

"चालतात की," यतीन म्हणाला. "एखाददुसरा ठिपका वाढला आसंल. काकांचं राहिलेलं पुरं करायचंय ना ताई? मी नेतो तुमाला. थंडी पडू दे."

काकांचं राहिलेलं. संपदाने तेव्हाही ते तसंच राहू दिलं.

जानेवारीतल्या अमावास्येच्या शनिवारी ते निघाले. उत्तमच्या रानात पोहोचले तेव्हा अंधार पडून गेला होता. उत्तमने शेकोटीला लाकडं दिली, मुलीला थंडी झेपेल का असं यतीनलाच विचारलं, आणि तो घरी गेला. वाफ्यांच्या कडेने ट्रायपॉड उभा राहील एवढीच सपाट जागा होती. संपदाने मान वर केली आणि क्षणभर तिला मृग सापडेना, इतके तारे होते. मग व्याधाच्या रोखाने वर जात तिला बाण दिसला, तीन तारे, सरळ रेषेत.

पारा तीनवर येईपर्यंत आकाशाचेही फोटो घेऊ म्हणून यतीनने तिलाच सगळं करायला लावलं. ट्रायपॉडचा माथा ध्रुवाकडे रोखायचा होता, म्हणजे यंत्र आकाशाबरोबर फिरलं असतं. त्यासाठी गुडघे टेकून एका बारीक नळीतून बघावं लागत होतं, आणि श्वास सोडला की नळीच्या काचेवर वाफ धरत होती. हातमोजे घालून स्क्रू फिरत नव्हते, काढले तर बोटं आपली वाटत नव्हती. बाबा सत्तरीला आले होते आणि ते हे असं गुडघ्यांवर बसून करत होते. घरी येऊन त्यांनी कधी गुडघे दुखतात म्हटलं नव्हतं. की म्हटलं होतं आणि ती वाचत होती?

नऊला कॅमेरा सुरू झाला. दोन मिनिटं उघडा, मग खट्, मग पुन्हा. पहिला फोटो पडद्यावर आला तेव्हा यतीनने तिला बोटाने दाखवलं, बघा इथं, अंधूक. तिला काहीच दिसलं नाही, पण ती हो म्हणाली. तासाभराने तिने पुन्हा पडदा पाहिला, तर प्रत्येक ताऱ्याभोवती पांढरं वलय होतं. यतीनने बॅटरी मारली. लेन्सवर बर्फाची बारीक रांगोळी धरली होती. काच उबदार ठेवायचा पट्टा संपदाने बांधला होता, पण चालूच केला नव्हता.

"तास गेला," ती म्हणाली.

"जाऊ द्या. थंडीत डोकं न्हाय चालत, कुणाचंच. मी एकदा कॅमेऱ्यात कार्डच न टाकता रात्र काढलीय."

यतीनने फुंकर न मारता, पट्ट्याच्या उबेनेच काच हळूहळू मोकळी होऊ दिली. पुन्हा सुरुवात झाली. वाफ्यांवरच्या पानांना कडेने पांढरं येऊ लागलं होतं. खुंटीला टांगलेला तापमापक पाच दाखवत होता, मग चार, मग साडेतीन.

रात्री बाराला यतीनचा मोबाइल वाजला. पडद्यावर 'काका' असं होतं. संपदाला वाटलं, त्याच्या काकांचा फोन आला. पण तो अलार्म होता. यतीनने तो बंद केला आणि जरा ओशाळून म्हणाला की आकाशाचे फोटो काढणाऱ्या त्यांच्या ग्रुपमध्ये आता सगळेच हा अलार्म लावतात. झाकणाचे फोटो शेवटावर ठेवायचे नाहीत, मध्येच उरकून घ्यायचे. शेवटी माणूस दमलेला असतो, विसरतो. नवीन पोरं येतात त्यांना पहिल्याच रात्री काकांचं सांगतात. चेष्टा म्हणून न्हाय ताई, आठवण म्हणून.

तापमापक तीनवर आला होता. संपदाने लेन्सला झाकण लावलं. यतीनने तीस आकडा भरला आणि बटण दाबलं. आता तासभर कुणालाच काही करायचं नव्हतं. दोघं शेकोटीपासून लांब, व्हॅनच्या दारात पाय सोडून बसले, कारण जाळाचा उजेड कॅमेऱ्याला नको असतो. त्याने थर्मासमधला चहा दिला.

पाच-सहा वेळा खट् झालं असेल. मग यतीन बोलायला लागला.

"एक गोष्ट तुमाला वर्षभर सांगायची हाय. त्या रविवारी संध्याकाळी काकांचा मला फोन आला होता."

काचेच्या दाराआड पाठमोरे उभे असलेले बाबा संपदाला दिसले.

"म्हणाले, यतीन, हे यंत्र तू घेऊन जा, ग्रुपला दे. मी आता येणार न्हाय. म्हटलं, काका, एक काम राहिलं तर एवढं काय. तर म्हणाले, राहिलं नाही रे. न करता खूण केली. दाजीचं असंच सुरू झालं होतं. संपू किती दिवस सांगतेय, मीच मनावर घेत नव्हतो. तिचं बरोबर आहे."

संपदाने चहाचा पेला व्हॅनच्या पत्र्यावर ठेवला.

"मी हसण्यावारी नेलं, उद्या येतो म्हटलं. उद्या आलो तो…" यतीन थांबला. तो जाणता माणूस होता, दोन लेकरांचा बाप; थर्मासचं बूच त्याने उगाच उघडलं आणि पुन्हा लावलं. "आणि चूक माझी हाय, ताई. मला गाडी चालवायची म्हणून बारालाच मी इथं आत झोपलो. काका म्हणाले, झोप तू, मी बघतो. मी जागा असतो तर एका शब्दाने आठवण केली असती. तेवढ्यावरून माणूस असं मनाला लावून घेऊन गेला. माझ्या बायकोला पण मी हे नीट सांगितलेलं न्हाय."

समोर कॅमेरा खट् करून पुन्हा अंधार मोजायला लागला. संपदाला वाटत होतं की आपण जे दडवलं ते आपल्यापाशीच आहे, आपल्याच घरात, आपल्याच उशाशी. ते इथवर आलं होतं. हा माणूस त्याचं ओझं वाहत होता. नवीन पोरं पहिल्याच रात्री ते शिकत होती. चाळीस वर्षं एकही खूण खोटी न केलेला तिचा बाप या रानात विसरभोळा म्हणून राहिला होता, आणि सगळे ते मायेने सांगत होते.

तिने हातमोजे काढले आणि मांडीवर ठेवले. गप्प राहणं या घडीलाही सोपं होतं. यतीनने तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं असतं तर त्याने त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला असता, आणि दोघं पहाटे नीट घरी गेले असते.

"यतीन, माझ्याकडे बघ," ती म्हणाली. थंडीने ओठ जड झाले होते, शब्द एकेक करून यावे लागले. "तुझी झोप याच्यात कुठेच नाही. बाबा काही विसरले नव्हते. ते तीस फोटो त्यांनी काढले होते, इथेच, याच थंडीत. मी ते पुसले. मला वाटलं, झाकण काढायचं विसरले. आणि त्यांनी मला विचारलं होतं रे, तू काढून टाकलेस का म्हणून. मी त्यांच्या तोंडावर नाही म्हणाले."